दौंडला चाललेली पिशवी

न्हाई हो, कडी वाजवून काय उपयोग न्हाई — कुलूप दिसत न्हाई का तुम्हाला? दिसतंय ना. मंग या इकडं, सावलीला या. ओट्यावर बसा. सविताकडंच आलात ना? व्हय, मला वाटलंच. आमच्या वस्तीवर इस्तरीचा शर्ट घालून येणारा माणूस म्हंजी एक तर विम्याचा, न्हाईतर मतं मागायला आलेला, न्हाईतर शेडच्या तपासणीचा. मतं तर होऊन गेली. विमावाला चप्पल घालून येतो, तुमच्या पायात बूट हाईत. — काय म्हणलात? बोर्डावरच्या नंबरवर तक्रार आली व्हती, त्याच्यासाठी? अगं बाई. म्हंजी तुम्ही ते नंबरवाले. आलात म्हणायचं एकदाचे. बसा बसा, ती गोधडी सरकवा बाजूला, उन्हात टाकायला काढलीय. सविता मला म्हणतच व्हती — रतनमावशी, त्यांनी सांगितलंय, माणूस पाठवतो, येईल बघ कुणीतरी. पण तवर तिचा धीर सुटला आन् ती पोरीला घेऊन गेली निघून. तुम्हाला जरा उशीर झाला, साहेब. — कुठं गेली? थांबा की. आल्या आल्या कुठं गेली. पाणी तरी प्या आधी.

प्या, प्या, बिनधास्त प्या, हे जारचं हाय. बोअरचं पाणी मी पाहुण्याला देत न्हाई. देणारच न्हाई — बोअरचं पाणी आमच्याकडं आता भांड्याला सुद्धा नको वाटतं. हंड्यात भरून ठेवलं ना, सकाळी वर साय धरती. दुधाला धरावी तशी. आन् वास कसा, तर नवीन चटई उलगडल्यावर येतो ना, तसा. सविताच्या प्रगतीच्या अंगावर तर चट्टे उठले, मानेवर, कोपरात. शिरूरच्या डॉक्टरनं मलम दिलं, म्हणाला पाणी बदला. पाणी बदला म्हणं. नळ काय आमच्या बापाचा हाय? आधी हे असलं न्हवतं. मी लग्न होऊन आले तवापासून ह्याच पाण्यावर आमच्या शेळ्या, आमची पोरं, सगळं. ती समोरची शेड झाली आन् मंग.

व्हय, तीच. जयसिंगशेठची, प्लास्टिक वितळवायची. निळे पत्रे, आन् पुढं केवढा मोठा हिरवा बोर्ड. वाचला असंल की तुम्ही येताना — तुमचाच तर हाय त्यो. मी सातवी शिकलेय साहेब, वाचता येतं मला. दोन हात, हातात रोपटं, आन् खाली — आम्ही स्वेच्छेने जबाबदार. त्या स्वेच्छेनं ह्याचा अर्थ मला अंकिता मॅडमनं सांगितला. अंकिता मॅडम तुमच्यातल्याच ना, पुण्याच्या? वळखत असाल. गुणाची पोरगी. मारुतीच्या देवळापुढं मांडव घालून मीटिंग घेतली तिनं, आम्हा बायकांना कापडी पिशव्या वाटल्या. म्हणाली, मावशी, सरकारनं कुणावर जबरदस्ती केलेली न्हाई. ह्या मोठ्या मोठ्या बाटल्यावाल्या, पाकीटवाल्या कंपन्यांनी आपणहून ठरवलंय की आपला माल आपण परत गोळा करायचा, वितळवून त्याचा दाणा करायचा, आन् त्यो दाणा परत नव्या मालात घालायचा. म्हंजी कचरा व्हायलाच नको. मला पटलं बघा. आपण न्हाई का जुन्या लुगड्याची गोधडी शिवत? तसंच. मी म्हणलं, मॅडम, आन् कुणी न्हाई केलं तर? तर ती हसली. म्हणाली, विश्वासावर चालतं मावशी हे. मी म्हणलं बरं. विश्वासावर तर आमची भिशी पण चालती.

घ्या, चहा घ्या, चुलीवर व्हताच. त्यो बोर्ड रंगवला तवा मी तिथंच उभी व्हते, शेळी सोडायला चालले व्हते. पेंटरनं खाली लिहिलं, तक्रार असल्यास संपर्क, आन् विचारलं — नंबर कुठला टाकू? तर त्यो विक्रम हाय ना, शेडचा सुपरवायझर, जयसिंगशेठचा मावसभाऊ, त्यानं तोंडानंच सांगितला नंबर. कागद न्हाई, काय न्हाई. पाठ व्हता त्याला. मी म्हणलं, बघा, एवढी शिकलेली माणसं, तुमचा ऑफिसचा नंबर सुद्धा पाठ. — का हो, हसलात का? चहा गोड झालाय का? न्हाई, अजून प्यालाच न्हाई तुम्ही. निवल त्यो.

तुम्ही म्हणाल ही बाई तक्रारीचं बोलायचं सोडून बोर्डाचं बोलत बसली. तसं न्हाई. मला सगळं सांगायचंय तुम्हाला, कारण सविता असती तर तिला नीट सांगता आलं नसतं, ती घाबरट हाय. माझं तसं न्हाई. मला इथं ओट्यावर बसून सगळी शेड दिसती, आन् आमच्या गच्चीवरनं तर शेडचं परसदार सुद्धा. मी काय मुद्दाम बघत न्हाई. पण डोळे हाईत तर दिसतंय, आता डोळे कुठं ठेवू?

तर ती तपासणी. अंकिता मॅडम येणार असली की आधी फोन यायचा, अमक्या दिवशी येतोय. मंग बघायची मजा. लग्नघर परवडलं. सणसवाडीच्या दुसऱ्या शेडमधनं टेम्पो भरून दाण्याची पोती यायची — उसनी. खरंच उसनी हो, आपण लग्नाला पातेली आणतो तशी. पांढरा शुभ्र दाणा, साबुदाण्यासारखा. इथं आणून थप्पी लावायची, मॅडमनं फोटो काढायचे, आन् मॅडमची गाडी नगर रोडला लागली की टेम्पो परत सणसवाडीला. बायकांना हातमोजे द्यायचे, डोळ्याला चष्मे, डोक्याला टोप्या. सविता म्हणायची, मावशी, त्या चष्म्यातनं मला काय दिसतच न्हाई, मी अंदाजानं प्लास्टिक निवडते. आन् मॅडम गेल्या की विक्रम दारातच टोपली घेऊन उभा, टाका हातमोजे, टाका चष्मे. लहान पोरांकडनं खेळणी काढून घ्यावी तसं. आन् जेवण कुणाकडं? माझ्याकडं. पिठलं-भाकरी, ठेचा, वर दही. अंकिता मॅडमला माझ्या हातची भाकरी लई आवडायची. मी पण म्हणलं, जाऊ द्या, पाहुण्यासमोर घर आवरतोच की आपण, त्यात काय. घरात पसारा सगळ्यांच्याच असतो. पण पसारा आवरणं येगळं आन् दुसऱ्याचं घर आणून दाखवणं येगळं, हे मला उशिरा कळलं बघा. आता तुम्ही आलाय ते न सांगता आलाय, हे बेस केलंत. असंच यावं.

खरी गोम त्या चमकीची हाय. चमकी म्हंजी — वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, आतनं चंदेरी असतं ना ते. बाटल्या वितळत्यात, कॅन वितळत्यात, पण ही चमकी मशिनात घातली की जाळी तुंबती आन् सगळा दाणा काळा पडतो. कुणी घेत न्हाई ती. पण कंपन्यांनी तर शपथ घेतलेली ना, सगळंच परत गोळा करायचं. मंग ती इकडं येती, ट्रकच्या ट्रक, आन् जयसिंगशेठ म्हणतो, केला ह्याचा दाणा. सर्टिफिकेट देतो. कुठं केला? सविता तिथंच निवडायला बसायची, तिनं एक दिवस सुद्धा चमकी मशिनात जाताना बघितली न्हाई. मंग जाती कुठं?

विहिरीत जाती. — व्हय, विहिरीत. शेडच्या मागं त्यांची जुनी बांधीव विहीर हाय, दगडाची, पायऱ्यांची. आमच्या सासूबाईंच्या वेळेला अख्ख्या वस्तीचं पाणी तिच्यावर. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, शेड बंद, कामगार आपापल्या खोलीवर. आन् गुरुवारीच तिथं टेम्पो येऊन लागतो, उजेडी, दुपारचा. सगळी वस्ती वामकुक्षी घेती तवा. चमकी आत, वरनं मुरूम, परत चमकी, परत मुरूम. वरनं बघितलं ना, तर उन्हात अशी लखलखती ती विहीर — लग्नातल्या जरीच्या शालूसारखी. मला तर आधी वाटलं पाणीच भरलंय. आता निम्म्याच्या वर आलीय. आन् खाली पाणी हाय ना, साहेब. ते पाणी कुठं जाणार? आमच्याच बोअरला येणार.

हळू बोलू? का, कोण ऐकतंय? माणसं सगळी कंपनीत, फर्स्ट शिफ्टला. आमचे मालक मेंढरं घेऊन घोडनदीच्या काठाला गेलेत, दिवस मावळल्याशिवाय यायचे न्हाईत. वस्तीवर आत्ता मी आन् तुम्ही.

म्हाळूआप्पांनी मोठ्यानं बोलून बघितलं व्हतं. म्हाळूआप्पा म्हंजी आमच्या मालकांचे चुलते, त्यांचं रान त्या विहिरीला लागून. त्यांची मेंढरं मेली ओळीनं. डॉक्टरनं एकीचं पोट फाडून दाखवलं — आत चमकीचा गोळा. गेले म्हातारे ग्रामसभेत, उभे राहिले, म्हणाले विहिरीचं बघा. जयसिंगशेठ तिथंच व्हता, उठून पाया पडला त्यांच्या. आप्पा, चूक झाली असंल तर सुधारतो म्हणाला. सगळी म्हणाली, केवढा नम्र माणूस. त्याच आठवड्यात आप्पा बांधावर बसले व्हते बिडी पीत, आन् शेडचा टेम्पो मागं घेताना ड्रायव्हरला दिसले न्हाईत म्हणं. दोन्ही पाय. रिव्हर्सचा आवाज येतो की न्हाई टेम्पोला, टूं टूं? त्या दिवशी आला न्हाई. मी ओट्यावरच व्हते, आला न्हाई आवाज. दवाखान्याचं सगळं जयसिंगशेठनंच बघितलं, स्वेच्छेनं. आता आप्पा लेकीकडं असत्यात निमोण्याला, खाटेवर. विहिरीचा विषय काढला की भिंतीकडं तोंड करत्यात.

म्हणून तर मी सविताला म्हणलं व्हतं, बाय, तू ह्यात पडू नको. नवरा न्हाई तुला — दत्ता नगर रोडला गेला अपघातात, प्रगती रांगत व्हती तवा — तुझ्यामागं कोण हाय? पण पोरीच्या अंगावरचे चट्टे बघून तिचं डोकं फिरलं. म्हणाली, मावशी, कंपन्यांनी आपणहून शपथ घेतलीय ना, म्हंजी त्यांना खरंच करायचं असंल ना चांगलं? मंग त्यांना कळायला नको का, त्यांच्या नावावर इथं काय चाललंय? आन् माझ्याच गच्चीवरनं काढला तिनं व्हिडिओ, गुरुवारी — बरं, हे माझ्या तोंडातनं गेलं, माझ्या गच्चीचं तेवढं कुठं लिहू नका. मी शेवया वाळत टाकायच्या निमित्तानं वर गेले व्हते, ती माझ्या मागं बसली, चादरीच्या आडोशाला. टेम्पो, नंबर प्लेट, विक्रम, जयसिंगशेठ खुर्ची टाकून बसलेला — सगळं आलं त्यात. चेहरे सुद्धा. खाली त्यांची नुसती सही राहिली व्हती.

आन् पाठवला तिनं बोर्डावरच्या नंबरला. तुमच्यातलं जे कोण बोललं ते लई गोड बोललं. ताई, तुमचं नाव गुप्त राहील, आम्ही माणूस पाठवतो, तवर दुसऱ्या कुणाला पाठवू नका, तपास बिघडतो. ती बिचारी एवढी खूश झाली, मला येऊन मिठीच मारली. आन् दुसऱ्या दिवशी कामावर गेली, तर विक्रम हातात चहाचा कप घेऊन तिच्यापाशी उकिडवा बसला आन् म्हणाला, सविता, फोन चांगला हाय तुझा. क्यामेरा लांबचं चांगलं काढतो का? झालं. एवढंच म्हणाला. चहा तिच्यापुढं ठेवला आन् गेला. तिनं प्याला न्हाई त्यो. संध्याकाळी येऊन मला सांगितलं. आता ह्याला कसं कळलं, सांगा मला. मी कुणाला बोलले न्हाई, देवाशपथ, माझ्या मालकांना सुद्धा न्हाई. ती न्हाई बोलली. तुमच्या ऑफिसातनं कुणीतरी फुटलं असंल, साहेब. तिथं आधी बघा तुम्ही. कुणीतरी आतलं माणूस विकलं गेलंय तुमचं, हे माझं म्हणणं लिहून घ्या.

म्हणून गेली ती. प्रगतीची परीक्षा सुद्धा बुडवली, चौथीची. जाताना माझा हात प्रगतीच्या डोक्यावर ठेवला आन् म्हणाली, मावशी, कुणालाच सांगू नका कुठं गेले ते. मी म्हणलं, तोंड शिवलं माझं. आन् शिवलंच व्हतं. विक्रम दोनदा येऊन गेला, काय मावशी, शेजारीण दिसत न्हाई? मी म्हणलं गेली असंल देवाला. कुठल्या देवाला? मी म्हणलं, मला विचारून जाती व्हय देवाला. माझ्या तोंडातनं त्यानं काय बी काढलं न्हाई.

पण तुमचं येगळं हाय. तुम्हीच तर यायचे व्हता. तुम्ही आला न्हाईत म्हणून ती गेली, आता तुम्ही तिच्यापर्यंत पोचला न्हाईत तर ती आयुष्यभर लपूनच बसायची का? मीच म्हणते हे. आन् तिचा जीव पण तुमच्याकडंच लागलाय, रोज फोनवर विचारती — मावशी, कुणी आलं व्हतं का? — दौंडला हाय ती. माहेरी न्हाई, माहेर सगळ्यांना माहीत हाय. मामीकडं हाय. गोपाळवाडीच्या रस्त्याला पिठाची गिरणी लागती, तिच्या मागं चाळ हाय, शेवटची खोली. मामी रेल्वेच्या दवाखान्यात झाडायला जाती, दिवसभर सविता आन् पोरगी दोघीच असत्यात, आतनं कडी लावून. — व्हिडिओ? तिच्याच फोनमध्ये हाय की. दुसऱ्या कुणाकडं? कुणाकडं न्हाई. तुम्हीच सांगितलंत ना, पाठवू नका. अंकिता मॅडमला पाठवणार व्हती, पण मॅडमचा नंबर कुणाकडंच न्हाई, बोर्डावर त्यो एकच. माझ्याकडं? माझा बटणांचा फोन, त्यात काय येतंय. हा बघा. तिचा नवा नंबर ह्यातच हाय, मामीच्या नावानं घातलाय मी. तुम्हीच काढा, माझा चष्मा कुठं पडलाय काय माहीत. घ्या, राहू द्या हातात, सावकाश लिहून घ्या.

आजच जाताय? आत्ताच? बेस झालं. न्हावऱ्यावरनं जा, चौफुल्याला वळा, रस्ता चांगला केलाय. पण मंग असं रिकामं जायचं न्हाई हां. न्हाई न्हाई, तुम्हाला चालत असंल, आमच्यात चालत न्हाई. लेक-बाळ जिथं हाय त्या गावाला गाडी निघाली आन् रिकामी गेली, तर त्या लेकीनं काय समजायचं? मागं कुणी न्हाई असं समजायचं. आमच्याकडं एसटीच्या कंडक्टरच्या हातात सुद्धा गाठोडं देत्यात, न वळखीच्या. तुम्ही तर घरचे. थांबा. ही शेंगदाण्याची चटणी, ही बाजरीची खारोडी, आन् हा प्रगतीचा शाळेचा फ्रॉक, दोरीवरच राहिला व्हता, धुऊन ठेवलाय मी. पिशवी कापडीच देते बघा, अंकिता मॅडमची. धरा. आन् एक सांगते, नीट ऐका. नुसतं दार वाजवलंत तर ती उघडायची न्हाई. तुम्ही कुणी का असाना, उघडायची न्हाई. पिशवी खिडकीतनं दाखवायची आन् म्हणायचं, रतनमावशीनं खारोडी पाठवलीय. बास. मंग ती पळत येईल कडी काढायला. खारोडी तिचा जीव की प्राण.

अरे हां, कुरडया. कुरडया राहिल्याच की. वर गच्चीवर टाकल्यात, आत्तापर्यंत कडक झाल्या असत्याल. न्हाई, उशीर कसला, ही गेले आन् ही आले. बसा तुम्ही. — ऐकू येतंय ना माझं खालनं? गहू तीन दिवस भिजवलेला हाय म्हणावं तिला, चीक असा पांढरा निघाला की विचारू नका. प्रगतीला कच्चीच आवडती कुरडई, तळायच्या आधीच निम्म्या संपवती. कावळ्यांनी दोन-चार नेल्यात इथल्या, मेल्यांना काळी चिंधी बांधली तरी समजत न्हाई. आन् साहेब, गाडी जरा पुढं दारात घ्या, मी पुढच्या सीटवरच ठेवते कुरडया, डिकीत त्यांचा भुगा होईल. कुठं लावलीय तुम्ही गाडी? रस्त्याला तर दिसत न्हाई. पांढरी का? पांढरी एक दिसतीय, पण ती तर —

ती शेडच्या मागं, पाटाच्या चारीच्या कडेला हाय. साखळीच्या आत.

न्हाई. काय न्हाई. आले. येते खाली, पायऱ्या जरा उंच हाईत, गुडघा धरतो.

न्हाई आणल्या कुरडया. वल्ल्या हाईत अजून. मला वाटलं वाळल्या असत्याल, पण आतनं वल्ल्याच हाईत. साहेब — तुम्ही चारीच्या रस्त्यानं आलात व्हय? त्यो रस्ता लई खराब हाय, बाहेरचं कुणी येत न्हाई तिकडनं. आप्पांचं ते झाल्यापासनं तिथं साखळी लावलीय, कुलूप घातलंय. किल्ली विक्रमच्या कमरेला असती. — उघडी व्हती? असंल. असंल उघडी. गुरुवार न्हाई आज, पण असंल.

ती पिशवी जरा द्या इकडं. चटणीचं झाकण सैल लागलंय बहुतेक, तेल सुटलं तर तुमची गाडी खराब व्हईल. द्या, मी परत बांधते. न्हाई? बरं. राहू द्या. पण मला आता आठवलं, ती दौंडला न्हाईच. मी बी काय बाई — दौंडला गेली व्हती, पण काल निघाली तिथनं. बारामतीला, का फलटणला. मामीशी वाजलं तिचं. फोनवर रडत व्हती. तुम्ही उगाच एवढं लांब जाल आन् खोलीला कुलूप असंल. आन् त्यो व्हिडिओ बी तिनं सगळीकडं पाठवलाय, मी मघाशी चुकीचं बोलले. अंकिता मॅडमला पाठवलाय, शिरूरच्या पोलिसाला पाठवलाय. आता त्याच्यामागं लागून कुणाला काय उपयोग न्हाई. असं हाय सगळं.

बसा की अजून. चहा गार झाला तुमचा, दुसरा टाकते. आमचे मालक येत्याल आत्ता एवढ्यात, त्यांना बी काय काय माहिती हाय, त्यांच्याशी बोलून जा. मघाशी मी म्हणलं दिवस मावळल्यावर, पण त्यांचा काय भरवसा न्हाई, कवा बी येत्यात. साहेब, बसा. तिची पोरगी लहान हाय हो. मी तुम्हाला पाणी दिलं.

बरं, मंग माझा फोन तेवढा ठेवा इथं ओट्यावर. तुमच्या खिशात गेलाय चुकून. — पाठवून देता? कुणाच्या हाती? विक्रमच्या म्हणता.

काय? वरनं?

वरनं काय दिसायचंय, साहेब. कुरडया बघायला गेले व्हते, कुरडया बघितल्या. मला वरनं काय दिसत न्हाई.